लहर किती द्यायची

“माझा नको. हिचा घ्या,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी उजवा हात उपरण्याखाली सरकवला.

यशोधनने माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप खाली ठेवले आणि म्हटलं, “माझा कशाला? मूळ माल घरात असताना नक्कल कोण घेतं?”

“शैला, पाहुण्यासमोर वाद नको.”

“पाहुणा कसला? शेजारच्या वासंतीचा मुलगा आहे तो. आपल्या अंगणात चड्डी न घालता फिरलाय.”

यशोधन लाजून चहाकडे बघायला लागला. अण्णा हसले नाहीत. पूर्वी अशा बोलण्यावर ते हमखास हसायचे.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अण्णा म्हणजे माझे सासरे. आम्ही पोतनीस, राहणार कराड. अण्णांनी सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात मोडीतली जुनी कागदपत्रं वाचण्यात काढली होती. मोडी म्हणजे आपली धावती लिपी. बाळबोधीसारखं, म्हणजे देवनागरीसारखं, एकेक अक्षर ठेवत बसायचं नाही, लेखणी फारशी न उचलता लिहीत सुटायचं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दुपारी भांडी आवरली की अण्णा मला पाटावर बसवून मोडी शिकवायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, सुनेला पुरणपोळी शिकवायची सोडून हे बघा काय शिकवतायत. पुरणपोळी मला अजून धड येत नाही. मोडी मात्र मी झोपेतही लिहीन.

यशोधन पुण्यात कॉम्प्युटरमधलं काम करायचा. त्याच्या डोक्यात आलं, की लहान मुलांना टॅबवर मोडी लिहायला शिकवायचं. त्यासाठी त्याने एक ॲप तयार केलं होतं. कल्पना साधी. एखाद्या चांगल्या माणसाने काचेवर पेनाने अक्षर लिहायचं. मशीन ते जसंच्या तसं लक्षात ठेवणार. मग मुलाने टॅब उघडला, की एक निळी रेष त्याच्या डोळ्यांसमोर ते अक्षर काढून दाखवणार आणि मुलाने तिच्यावरून गिरवायचं. रेषेवर राहिलं तर तारे मिळणार, भरकटलं तर नाही. पुढच्याच आठवड्यात आमच्या इथल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गावर तो ते करून बघणार होता. सगळं तयार होतं, फक्त हात हवा होता.

आणि अण्णांचा हात थरथरत होता.

कंपवात. डॉक्टरांनी नाव सांगून वर्ष झालं होतं. घरातल्या माणसांशिवाय कोणाला म्हणजे कोणाला हे ठाऊक नव्हतं. अण्णांनी रविवारचा मोडीचा वर्ग बंद केला आणि लोकांना सांगितलं, डोळे गेले. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर नाव घालायचं तरी मला हाक. बाहेर निघाले की उन्हाळा असो की पावसाळा, अंगावर उपरणं आणि उपरण्याखाली हात. ज्या माणसाचं अक्षर बघायला लोक साताऱ्याहून यायचे, तो माणूस चोराने माल लपवावा तसा स्वतःचा हात लपवून फिरत होता. मला त्याचा भयंकर राग यायचा. त्यांच्या आजाराचा नाही, त्या उपरण्याचा.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की आज आहे तेवढं उद्या राहील असं धरून चालू नका. म्हणजे अण्णांनी पुन्हा हातात पेन धरायचं असेल तर ते आत्ता. नंतर धरायचं म्हटलं तरी धरवणार नव्हतं. यशोधनचा फोन आला तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं, की हा मुलगा आपल्या घरातून अण्णांचाच हात घेऊन जाणार.

“बरं बाई, माझा घ्या,” मी म्हटलं. पदर खोचला, टॅब पुढे ओढला आणि ते पेन उचललं. “काय लिहू? क?”

मी क लिहिला. मुद्दाम असा लिहिला, की दुसरी-तिसरीतल्या पोरानेही हसावं. गाठ सुटलेली, पोट फुगलेलं. मग तसाच ख. मग ग. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. ग झाला तेव्हा त्यांचा पाय हलायला लागला. घ अर्ध्यावर आला आणि त्यांना राहवलं नाही.

“हे काय चाललंय?”

“लिहितेय.”

“याला लिहिणं म्हणतात? हे पोरांना दाखवणार? सरक तिकडे.”

मी सरकले. यशोधन तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. मी डोळ्यांनी त्याला गप्प केलं.

अण्णांनी उपरणं बाजूला टाकलं आणि पेन धरलं. हात हलत होता, पेनाचं टोक काचेवर टकटक वाजत होतं. टॅबवर एकेका अक्षरासाठी चौकोन केलेले होते. पहिल्या चौकोनात त्यांनी लिहिलं ते बोराएवढं. दुसऱ्यात मुगाएवढं. तिसऱ्यात काय लिहिलं ते दिसेना. या आजारात अक्षर बारीक होत जातं हे मला माहीत होतं, पण समोर घडताना मी पहिल्यांदाच बघत होते. अण्णांनी पेन खाली ठेवलं. आता ते उठणार, असं मला वाटलं.

ते उठले नाहीत. चष्मा वर करून त्यांनी यशोधनला विचारलं, “रेघ कुठंय?”

“वरची रेघ ना आजोबा? ती शेवटी येते. अक्षर पुरं झालं की मशीन आपोआप देतं.”

“शेवटी?” अण्णांचा आवाज चढला. वर्षभरात मी तो चढलेला ऐकला नव्हता. “अरे बाबा, ते तुमच्या बाळबोधीत. मोडीत रेघ आधी. अख्ख्या पानावर आधी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. कपडे वाळत घालताना आधी दोरी बांधतोस की आधी कपडे?”

“दोरी,” यशोधन म्हणाला.

“मग?”

यशोधन खाली मान घालून मशीनवर काहीतरी खटपट करत बसला. चौकोन गेले. काचेवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढता येईल एवढी मोकळी जागा झाली. अण्णांनी रेघ ओढली. सावकाश, वेडीवाकडी, पण आरपार. मग त्या रेघेखाली लिहायला लागले, आणि अक्षर बारीक होईना. डोळ्यांना धरायला रेघ मिळाली तसा हात तिच्याखाली आपल्या मापाने चालायला लागला. थरथर होतीच. क ची गाठ, ख चा फेर, सगळ्यावर बारीक लाट होती. पण वळण त्यांचंच होतं. मी त्याच वळणावर शिकले होते. माझे डोळे भरून आले आणि मी चहा गरम करायच्या निमित्ताने आत निघून गेले.

संध्याकाळपर्यंत सगळी मुळाक्षरं झाली. जाताना यशोधन जिन्यात थांबला आणि त्याने मला हळूच एक गोष्ट विचारली. मी नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, “तुला अक्षरं हवी आहेत ना? मग मी सांगते तसंच.” तो मान डोलावून गेला.

अण्णांनाही शाळेत न्यायचा माझा बेत घरच्यांना रात्री जेवताना कळला. माझा नवरा स्वभावाने सावध. ताटातल्या भातालाही विचारून हात लावणारा. तो म्हणाला, “अण्णांना शाळेत नेऊ नकोस. हात दाखवून अवलक्षण होईल. चारचौघांत काही झालं तर ते पुन्हा पेन हातात धरणार नाहीत.”

“एरवी धरतात का?”

“शैला, तुझं ऐकून मी आजवर गप्प बसलो—”

“आणि त्यात तुझं काय वाईट झालं?”

तो भात कालवायला लागला. पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मलाही कळत होतं. एक जण हसला असता, तर अण्णांनी ते उपरणं हाताभोवती कायमचं गुंडाळलं असतं आणि ते माझ्यामुळे झालं असतं. तरी मी माघार घेतली नाही. अण्णांना म्हटलं, “तुम्ही नुसतं खुर्चीवर बसायचं. लिहायचं नाही, बोलायचं नाही. तुमच्या अक्षरावर पोरं कशी गिरवतात ते बघायचं.” अक्षर बघायचा मोह त्यांना आवरला नाही. आले.

वर्गात पाचवीची मुलं जमिनीवर ओळीने बसली होती. यशोधनने प्रत्येकापुढे टॅब ठेवला. मुख्याध्यापिका खराडेबाई दाराशी उभ्या होत्या आणि अण्णा फळ्याजवळच्या खुर्चीत, नेहमीसारखे उपरणं घेऊन. मुलांना टॅब मिळाला म्हणजे काय विचारता. पहिली पाच मिनिटं नुसता कलकलाट. मग अक्षरं सुरू झाली आणि एकदम शांत. निळी रेष चालायची, मुलं जिभा बाहेर काढून तिच्यामागे पेन फिरवायची, आणि ताऱ्यांची किणकिण व्हायची.

माझ्यासमोर कार्तिकी थोरात नावाची एक मुलगी होती. दोन वेण्या, नाकावर घाम. तिच्या हाताला जन्माचं वळण होतं. तिने क असा लिहिला, की मी पाहतच राहिले. आणि मशीनने तिला दोन तारे दिले. तिने पुन्हा लिहिला. आणखी सुंदर. पुन्हा दोन.

तिच्या शेजारचा मुलगा अक्षरांचं पार वाटोळं करत होता, पण त्याला पाच तारे. तो करत काय होता, तर मनगट हलवत होता. निळी रेष जशी थरथरत जात होती तशी तो थरथर देत होता. कार्तिकीने ते पाहिलं. तिच्या मागच्याने पाहिलं. बघता बघता ते वर्गभर पसरलं. मी मान वर केली तेव्हा सगळा वर्ग पेन धरून मनगटं थरथरवत बसला होता, अगदी मन लावून, आणि सगळीकडून ताऱ्यांची किणकिण चालू होती.

अण्णा बघत होते.

यशोधनचा चेहरा पांढरा झाला. जाऊन सगळे टॅब बंद करावेत म्हणून मी पुढे निघाले. तेवढ्यात कार्तिकी टॅब घेऊन उठली आणि सरळ अण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

“आजोबा, अक्षर तुम्ही काढलंय ना?”

“हो.”

“मग ही लहर किती द्यायची? कमी दिली की तारे कमी येतात. आणि जास्त दिली की माझं अक्षर बिघडतंय.”

“कार्तिकी, जागेवर बस,” खराडेबाई म्हणाल्या.

“राहू द्या बाई,” अण्णा म्हणाले. मी त्यांच्या उपरण्याकडे बघत होते. आत काहीतरी हलत होतं. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि तिच्यासमोर धरला.

“ती लहर अक्षरात नाहीये बाळ. माझ्या हातात आहे. बघ.”

तिने हाताकडे पाहिलं. मग सगळ्याच पोरांनी पाहिलं. मागची उठून उभी राहिली.

“थंडी वाजते का तुम्हाला?”

“नाही. आजार आहे मला. हात आपला आपण हलतो.”

“दुखतो?”

“नाही.” अण्णा थांबले. “लाज वाटते.”

“कसली?”

अण्णांनी तिचा टॅब जवळ ओढून मांडीवर ठेवला. “तू लहर द्यायची नाहीस. ती माझ्यापुरती. तुझा क बघू.” तिने लिहून दाखवला. “हां. उत्तम आहे. मशीनला काय कळतंय.” आणि यशोधनकडे वळून त्यांनी विचारलं, “ही थरथर काढता येत नाही का रे तुझ्या यंत्रात?”

“येते आजोबा. दोन मिनिटांचं काम आहे.”

“मग काढली का नाहीस?”

यशोधनने एकदा माझ्याकडे पाहिलं. “मी जिन्यात विचारलं होतं. काकू म्हणाल्या, एक रेषही हलवायची नाही.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “काढ आत्ता,” ते यशोधनला म्हणाले.

यशोधनने मशीनवर काहीतरी केलं आणि टॅब त्यांच्यापुढे धरला. निळी रेष चालली. स्वच्छ, सणसणीत, जराही न अडखळता. दहा वर्षांपूर्वी अण्णा लिहायचे तसा क काचेवर उभा राहिला. अण्णा तो पुन्हा पुन्हा बघत राहिले. यशोधनला त्यांनी तो किती वेळा चालवायला लावला, कोण जाणे. मुलं चुळबुळ करायला लागली तेव्हा ते भानावर आले.

“हा द्या पोरांना,” ते म्हणाले. “हा चांगला आहे.” मग ते उठले, खडू घेतला आणि फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली. “आता इकडे बघा. मशीन काय सांगायचं ते सांगेल. ही रेघ आधी, हे मी सांगतो.” हात हलत होता, खडूचे कण धोतरावर पडत होते, आणि ते पुढची अर्धी तासिका लिहीत होते. एकही पोर हसलं नाही. एकाने फक्त विचारलं, की थरथरता हात असूनही अक्षर पडत का नाही. अण्णा म्हणाले, “साठ वर्षं रोज लिही, मग तुझंही पडणार नाही.” खराडेबाईंनी तिथेच सांगून टाकलं, दर शनिवारी शेवटची तासिका तुमची.

घरी आम्ही चालत निघालो. उपरणं त्यांनी घडी करून माझ्या पिशवीत टाकलं. चावडी चौक आला तसे ते माझ्याकडे वळले. मी मनात म्हटलं, आता बोलणी बसणार. बसू देत.

“का गं?” ते म्हणाले. “थरथर काढू नको असं का सांगितलंस त्याला? चारचौघांत शोभा करायची होती माझी?”

“हो,” मी म्हटलं.

ते रस्त्यातच थांबले. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून वळसा घालून गेला.

“काढली असती तर काय झालं असतं?” मी म्हटलं. “मशीनमध्ये तुमचं अक्षर छान राहिलं असतं. लोक वा वा म्हणाले असते. आणि तुम्ही घरी उपरण्यात हात घालून बसला असता मरेपर्यंत. मला त्या मशीनची काय पडली होती, अण्णा? मला तुमचा हात बाहेर काढायचा होता. पोरं थरथर गिरवत बसतील हे मात्र नव्हतं आलं माझ्या डोक्यात. आलं असतं तरी मी हेच केलं असतं.”

“आगाऊ आहेस.”

“तुम्हीच शिकवलंत.”

“मी मोडी शिकवली.”

“तिच्याबरोबरच आलं ते.”

अण्णा चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर मला कळलं, की ते हसतायत. वर्षभरानंतर मी त्यांना हसताना पाहत होते. मला एवढं बरं वाटलं, की मी रस्त्यात उगाचच पदर सारखा केला.

घराकडे वळायच्या जागी ते वळले नाहीत. शेटेंच्या स्टेशनरीच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. दुकानात गर्दी होती. परीक्षेचे दिवस, पोरं, पोरांच्या आया. शेटेंनी गर्दीतून हात केला.

“अण्णा, फार दिवसांनी. काय देऊ? वहिनींना काही हवंय का?”

“शाईचं पेन दाखव. जाड निबचं.”

शेटेंनी पेन काढलं, शाईत बुडवलं आणि ज्या कागदावर सगळं गाव पेन चालवून बघतं तो पुढे सरकवला. अण्णांनी सगळ्यांच्या देखत आपलं नाव लिहिलं. मोडीत, अख्खं. हात थरथरत होता आणि नावावर लहर उठली होती. शेटे पुढे वाकले. नावाकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि पेन परत घ्यायला हात पुढे केला.

“निब खराब दिसतेय अण्णा. अडकतेय. दुसरं देतो.”

“निब चांगली आहे,” अण्णा म्हणाले. “हात माझा हलतो. बांधून दे.”